जाहिरात नणंदेला दिसली: ठाण्यातल्या एका दवाखान्याच्या वेबसाइटचं प्रकरण

हे प्रकरण ठाण्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यातलं आहे. डॉक्टर आणि पेशंट, दोघींना विचारून लिहितेय. नावं कुणाचीच नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. लहान दवाखाने, क्लासेस, दुकानं यांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम. इथे मला बोलावलं गेलं ते सगळं घडून गेल्यावर.

पार्श्वभूमी

दवाखाना नौपाड्यात. दोन खोल्या, सोनोग्राफीची एक वेगळी. डॉक्टरांना सगळे मॅडम म्हणतात, मीही. रिसेप्शनवरच्या काकू पहिल्या दिवसापासून तिथेच आहेत. कुठल्या पेशंटबरोबर कोण येतं, कुणाच्या घरी फोन केला तर सासू उचलते, कुणाचा रिपोर्ट पाकीट चिकटवूनच द्यायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पुढे या गोष्टीचा उपयोग झाला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

वेबसाइट करोनाच्या काळात झाली, ठाण्यातल्याच एका एजन्सीकडून. नंतर घोडबंदर रोडला मोठी फर्टिलिटी सेंटर उघडायला लागली, त्यांचे फलक थेट तीन हात नाक्यापर्यंत आले, आणि आपण मागे पडतोय असं मॅडमना वाटू लागलं. मग वाशीची एक डिजिटल मार्केटिंग एजन्सी धरली. जाहिरातींना महिन्याला वीसेक हजार आणि एजन्सीची फी वेगळी. दर महिन्याला एक रंगीत पीडीएफ यायची: इतक्या लोकांनी पाहिलं, इतक्यांनी क्लिक केलं, इतके फॉर्म आले.

मॅडमचे सासरेही डॉक्टर, आता निवृत्त. त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने किंवा संस्थेने प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे पेशंटला आपल्याकडे ओढणं हे गैरवर्तन आहे. ‘बाहेरची पाटी केवढी असावी यावर आम्ही वाद घालायचो, आणि तुम्ही लोकांच्या फोनमध्ये शिरताय,’ असं ते म्हणाले होते. ‘आपण फक्त माहिती देतोय, बोलावत नाही’ अशी पळवाट एजन्सीने काढली आणि विषय मिटला. माझ्या मते पहिला निर्णय इथेच चुकला. पण तेव्हा सगळेच तसं करत होते, हेही खरं.

काय घडलं

२०२५च्या दिवाळीनंतरचे दिवस. कळव्यात एकत्र कुटुंबात राहणारं एक जोडपं, लग्नाला सहा वर्षं झालेली. तपासणी करून घ्यायची, पण निकाल हातात येईपर्यंत घरी कुणाला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं. ठरवायलाही घरात जागा नाही, म्हणून एका संध्याकाळी तलावपाळीवर बाकावर बसून बोलले.

बाईंनी काळजी घेतली होती, हे महत्त्वाचं आहे. त्यांचा फोन दिवसभर पुतण्यांच्या हातात, म्हणून त्यावर काही शोधलं नाही. घरात एक जुना टॅब होता, नणंदेने मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी दिलेला. मुलं झोपल्यावर त्यांनी त्यावर दवाखान्याची साइट उघडली, ‘वंध्यत्व तपासणी’ हे पान वाचलं, फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल नंबर घातला, ‘त्रास थोडक्यात लिहा’ या चौकटीत चार-पाच ओळी लिहिल्या आणि पाठवून दिलं. मग हिस्टरीतून ती पानं काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी ऐरोलीला राहणाऱ्या नणंदेच्या फोनवर जाहिरात आली: तपासणी पुढे ढकलताय? नौपाड्यात वंध्यत्व तपासणी, आजच वेळ घ्या. नणंदेला दोन मुलं, धाकटा नववीत. तिने गंमत म्हणून स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला, ‘या वयात मला हे दाखवतायत बघा!’ ग्रुपवर हशा. कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने सुचवलं, आत्या, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाब, जाहिरात का दिसतेय ते सांगतात. आत्याने दाबलं. उत्तर साधारण असं होतं की या जाहिरातदाराची वेबसाइट ज्यांनी पाहिली असावी अशांना ही दाखवली जातेय. ‘मी कुठे पाहिली?’ असं तिने लिहिलं. त्यावर पुतणीचा मेसेज: ‘तुझं अकाउंट आमच्या टॅबवर अजून उघडंच आहे ना?’

त्यानंतर त्या ग्रुपवर रात्रभर कुणी काही लिहिलं नाही.

सोमवारी सकाळी त्या बाईंचे यजमान दवाखान्यात काउंटरसमोर उभे. त्यांच्या मते दोनच शक्यता होत्या: दवाखान्याने माहिती विकली, किंवा तलावपाळीवर खिशातल्या फोनने बोलणं ऐकलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘इतक्या वर्षांत माझ्या तोंडून एक नाव बाहेर गेलं नाही हो.’ त्याच संध्याकाळी मॅडमचा मला फोन आला.

तपास

फोन ऐकतो, ही समजूत मला जवळपास प्रत्येक गिऱ्हाइकाकडे भेटते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासून २०१८ साली निष्कर्ष मांडले होते. माइक गुपचूप चालू करून आवाज बाहेर पाठवणारं ॲप त्यांना सापडलं नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण करून तिसऱ्याच कंपनीला पाठवताना सापडली. म्हणून मी कानाचा संशय बाजूला ठेवला आणि साइटकडे वळले.

ओपीडी संपल्यावर मॅडमच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ब्राउजरमध्ये एक खिडकी असते, साइट उघडताना कुठून काय येतं आणि कुठे काय जातं याची यादी तिथे ओळीने उमटते. मॅडम चष्मा लावून शेजारी बसल्या. मी फॉर्ममध्ये खोटं नाव घातलं, माझाच दुसरा नंबर घातला, ‘अपॉइंटमेंट पाठवा’वर दाबलं. यादीत अकरा नव्या ओळी आल्या. त्यातली एकच दवाखान्याच्या सर्व्हरकडे गेली होती. बाकीच्या कुठे गेल्या ते मी एकेक उघडून दाखवलं.

त्यातल्या तीन एका मोठ्या समाजमाध्यम कंपनीच्या पिक्सेलच्या. पिक्सेल म्हणजे पानात लपवलेला छोटासा कोड. पान उघडलं की तो आपल्या कंपनीला कळवतो की अमुक पत्त्यावर कुणीतरी आलंय. आणि पानाच्या पत्त्यातच, तिरक्या रेघेनंतर, वंध्यत्व तपासणी हे शब्द होते. साइट करणाऱ्याने गूगलवर वर दिसावं म्हणून पत्ते असे ‘वाचनीय’ ठेवले होते. बटण दाबल्याबरोबर त्या बटणावरचा मजकूरही गेला. म्हणजे समोरच्याला कळलं की या व्यक्तीने हे पान वाचलं आणि अपॉइंटमेंट मागितली. ‘त्रास’ या चौकटीतला मजकूर पिक्सेलने पाठवला नव्हता. तो उचलणारं दुसरंच काहीतरी तिथे बसलं होतं, त्याकडे येतेच.

मोबाइल नंबरही गेला होता, पण उघडा नाही, हॅश करून. म्हणजे नंबरापासून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची लांब माळ. वाशीच्या एजन्सीतला मुलगा फोनवर ठासून सांगत होता, ‘मॅम, एन्क्रिप्टेड आहे, कुणालाच कळत नाही.’ हॅश म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, हे सोडून दिलं तरी एक प्रश्न उरतोच. कळत नसेल तर पाठवायचं कशाला? त्या कंपनीकडे आपल्या खातेदारांचे नंबर आहेतच, त्यांच्याही माळा ती काढते आणि जुळवून बघते. जुळली की माणूस सापडला. तसंही भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ने सुरू होणारे, म्हणजे सगळे मिळून चारशे कोटी शक्यता. तेवढ्या माळा काढायला साध्या लॅपटॉपलाही फार वेळ लागत नाही.

हे सगळं कुणी चालू केलं? पिक्सेल बसवताना एक खटका असतो, ग्राहकांची जुळणी अधिक चांगली व्हावी असं काहीसं त्याच्यापुढे लिहिलेलं असतं. एजन्सीतल्या कुणीतरी तो चालू केला. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा वर्षभरापूर्वी सोडून गेलेला एखादा शिकाऊ.

मग नणंद कुठून आली? टॅबच्या ब्राउजरमध्ये तिचं खातं उघडं होतं. त्या कंपनीची कुकी, म्हणजे खातं ओळखण्यासाठी ब्राउजरमध्ये ठेवलेली छोटी खूण, टॅबवर होती आणि पिक्सेलने निरोप पाठवताना ती बरोबर गेली. कंपनीच्या हिशेबी त्या रात्री वंध्यत्वाचं पान ऐरोलीच्या नणंदबाईंनी वाचलं. हिस्टरी पुसून उपयोग झाला नाही, कारण निरोप आधीच गेला होता. इन्कॉग्निटोत, म्हणजे ब्राउजरच्या खाजगी खिडकीत, उघडलं असतं तर नणंदेचं नाव लागलं नसतं. पण फॉर्ममध्ये नंबर बाईंचा होता, त्यामुळे जाहिरात त्यांच्या स्वतःच्या खात्यावर येऊ शकली असती, पुतण्यांच्या हातातल्या फोनवर. मॅडमनी हे मला दोनदा समजावून सांगायला लावलं आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शेवटची कडी एजन्सीची. गेल्या तीस दिवसांत कुठलंही सेवेचं पान पाहिलेल्यांना तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवायची, अशी मोहीम चालू होती. यालाच रिटार्गेटिंग म्हणतात. चप्पल बघितली की चप्पल आठवडाभर मागे लागते, तसंच. वंध्यत्वाची चप्पल होत नाही, एवढाच फरक कुणाच्या ध्यानात आला नाही.

दोन गोष्टी आणखी निघाल्या आणि त्या मला पिक्सेलपेक्षा जास्त लागल्या.

एक म्हणजे पहिल्या, ठाण्याच्या एजन्सीने लावलेलं एक साधन. लोक पानावर कुठे थांबतात, कुठे बोट फिरवतात याचं चित्रण करणारं. फुकटच्या चाचणीसाठी लावलं आणि राहून गेलं. ते फॉर्म भरतानाची सगळी हालचाल टिपत होतं. नाव आणि नंबर झाकले जायचे, पण ‘त्रास थोडक्यात लिहा’ ही चौकट झाकायची राहिली होती. त्या एजन्सीच्या खात्यात शिरण्याचा पासवर्ड सुदैवाने मॅडमच्या एका जुन्या मेलमध्ये होता. आत गेले तर शेकडो चित्रणं. मी एकच उघडलं. एक बाई चार शब्द लिहिते, पुसते, परत लिहिते, पुसते, शेवटी ‘पाळी अनियमित’ एवढंच ठेवते. मी खिडकी बंद केली. बाकीची बघितली नाहीत आणि मॅडमनाही बघू दिली नाहीत.

दुसरी गोष्ट काकूंकडून कळली. आम्ही तपास करतोय म्हटल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, ‘त्या मुलाने मागे पेशंटची यादी मागितली होती, मी दिली.’ एक्सेलमध्ये हजारेक नावं-नंबर, व्हॉट्सॲपवरून. एजन्सीने ती त्या समाजमाध्यम कंपनीच्या जाहिरात खात्यात चढवली आणि ‘यांच्यासारखे लोक शोध’ असं सांगितलं, लूकअलाइक म्हणतात त्याला. काकूंना वाटलं दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या असतील. ज्या बाईने इतक्या वर्षांत एक नाव बाहेर जाऊ दिलं नाही, तिच्याच हातून हजार गेली. हे मी त्यांना बोलले नाही.

आता मागे वळून बघताना वाटतं, या साखळीत चोर असा कुणीच नव्हता. मॅडमना रिपोर्टमध्ये फक्त आकडे दिसायचे. नावं आपल्याला दिसत नाहीत म्हणजे ती कुणालाच दिसत नाहीत, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. एजन्सीला फॉर्मची संख्या वाढवून दाखवायची होती. आणि सगळं जुळलेलं चित्र ज्याच्याकडे होतं, त्या जाहिरात यंत्रणेला ना नौपाडा माहीत होता ना नणंद.

पर्याय

दुसऱ्या दिवशी बैठक झाली: मॅडम, सासरे, काकू, मी, आणि वाशीहून लोकलने आलेला एजन्सीचा मुलगा. चहा दोनदा झाला.

एजन्सीचा पहिला प्रस्ताव होता साइटवर संमती मागणारी कुकीची पट्टी लावायचा. ‘स्वीकारा’ असं बटण, झालं काम. मी विरोध केला. पोटात काळजी घेऊन रात्री अकराला फॉर्म भरणारी बाई पट्टी वाचत नाही, ती बाजूला सारून पुढे जाते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असं म्हटलंय, आणि सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी पेशंटला हव्या त्या भाषेत वाचता यायला हवी. या कायद्याचे नियम नेमके त्याच नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार, म्हणून तो मुलगा म्हणाला, ‘म्हणजे अजून वेळ आहे.’ सासरे तेवढ्यापुरते बोलले: ‘पेशंटची गोष्ट पोटात ठेवायला आम्हाला कायद्याची वाट बघावी लागली नव्हती.’ शिवाय २०११च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांत शारीरिक आणि मानसिक आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून धरलेलीच आहे.

त्याचा दुसरा प्रस्ताव जास्त हुशारीचा होता. पिक्सेल काढून टाकू आणि तीच माहिती आपल्या सर्व्हरवरून थेट कंपनीकडे पाठवू. अशी सोय असतेच. फायदा असा की पेशंटच्या ब्राउजरमध्ये काहीच दिसणार नाही. मला हा सगळ्यांत वाईट पर्याय वाटला, कारण निदान त्या संध्याकाळी मी मॅडमना अकरा ओळी दाखवू शकले होते. हा उपाय केला असता तर दाखवायलाही काही उरलं नसतं.

तिसरा पर्याय मधला: मुखपृष्ठ आणि पत्ता-वेळ या पानांवर पिक्सेल ठेवायचा, सेवांची पानं आणि फॉर्म यावरून काढायचा. यात जाहिराती चालू राहिल्या असत्या. माझा कल आधी याच्याकडे होता, खोटं कशाला बोलू. पण काकूंनी विचारलं, ‘आपली मुखपृष्ठावरची पाटी काय म्हणते?’ स्त्रीरोग व वंध्यत्व. म्हणजे नुसतं मुखपृष्ठ उघडलं तरी निरोप तोच जाणार. तिथे हा पर्याय पडला.

चौथा: सगळं काढायचं.

एजन्सीचा मुलगा म्हणाला, मोठमोठी हॉस्पिटलंसुद्धा हेच करतात. ते खरंच होतं, आणि मी त्याला तेच सांगितलं. ‘द मार्कअप’ या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने जून २०२२ मध्ये तिकडच्या नावाजलेल्या १०० रुग्णालयांच्या साइट तपासल्या, तेव्हा ३३ ठिकाणी अपॉइंटमेंटच्या पानांवर असाच पिक्सेल सापडला होता. आणि २०२३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांना पुरवल्याबद्दल औषधांवर सवलत देणाऱ्या गुडआरएक्सला १५ लाख डॉलरचा दंड लावला, ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्पला ७८ लाख डॉलर भरायला लावले. सगळे करतात, हा बचाव तिथे चालला नव्हता.

काय केलं

चौथा पर्याय निवडला. पिक्सेल, चित्रणाचं साधन, एक विसरलेलं चॅटचं खोकं, सगळं त्या रात्री निघालं. टॅग मॅनेजरचं, म्हणजे असे कोड साइटवर बसवायच्या साधनाचं, खातं एजन्सीच्या नावावर होतं, ते बंद करून दवाखान्याच्या नावाने नवं काढलं आणि त्यात काहीच घातलं नाही. पानांच्या पत्त्यांतून आजारांची नावं काढून नुसते क्रमांक ठेवले. गूगलवर थोडं खाली जाऊ, हे मॅडमना सांगूनच. फॉर्ममधून ‘त्रास’ची चौकट गेली. आता फक्त नाव, नंबर, आणि ‘फोन कधी केला तर चालेल’.

जाहिरात खात्यात चढवलेली यादी आणि तिच्यावरून बनवलेली दुसरी, दोन्ही खोडल्या. साइटवर आलेल्यांची यादी तिथे जास्तीत जास्त १८० दिवस राहते. तीही हाताने खोडली. चित्रणं पुसली आणि ते साधन पुरवणाऱ्या कंपनीला खातं कायमचं मिटवायचा अर्ज केला. एजन्सीच्या त्या मुलाकडून व्हॉट्सॲपमधली आणि लॅपटॉपवरची एक्सेल समोर बसून काढून घेतली. त्याच्या साहेबांकडे मेलवर आणखी एक प्रत असणार याची मला खात्री आहे. लेखी विचारलंय, उत्तर आलेलं नाही.

खरा पेच पुढे होता: पेशंटना सांगायचं का, आणि कसं?

मॅडम पहिल्या तासातच म्हणाल्या, सांगायचं. पण हजार जणींना दवाखान्याच्या नावाने मेसेज पाठवला असता तर जे घडलं तेच आम्ही स्वतःच्या हाताने हजार घरांत केलं असतं. सासूने फोन उचलला, मुलाने मेसेज वाचला, संपलं. नाव न घालता पाठवावा तर तो फसवणुकीचा मेसेज वाटणार. मी तासभर वेगवेगळे मसुदे करत बसले, एकही धड नव्हता.

सुटका काकूंनी केली. त्यांनी गेल्या सहा महिन्यांत ऑनलाइन फॉर्म भरलेल्यांची यादी मागितली, दीडशेच्या आसपास होती. दुपारी अकरा ते चार, घरातली माणसं बाहेर असण्याच्या वेळेत, रोज दहा-बारा फोन. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘ताई, बोलायला मोकळ्या आहात का?’ नाही म्हटलं की ‘चुकून लागला’ म्हणून ठेवायचा. हो म्हटलं की नाव सांगायचं, झालेली चूक सांगायची, आणि घरातल्या कुठल्या फोनवर किंवा टॅबवर दुसऱ्या कुणाचं खातं उघडं आहे का ते बघायला सांगायचं. उरलेल्या पेशंटना ओपीडीत आल्यावर मॅडम स्वतः सांगणार. दवाखान्यात मराठी आणि हिंदीत एक कागदही लावला. त्याचं पहिलं वाक्य सासऱ्यांनी लिहिलं: आमच्याकडून चूक झाली आहे.

परिणाम

ऑनलाइन फॉर्म डिसेंबरमध्ये निम्म्याहून कमी झाले. फोनवरून येणाऱ्या अपॉइंटमेंट थोड्या वाढल्या, पण तेवढी भर निघाली नाही. एजन्सी सोडली, त्यामुळे पैसे वाचले. काकूंनी रजिस्टरमध्ये ‘कुठून कळलं’ असा रकाना आखला. त्यात बहुतेक वेळा ‘जाऊ’, ‘बहीण’, ‘शेजारची’ असंच लिहिलेलं असतं. जाहिरातींनी खरंच किती पेशंट आणले होते, हे आता कळायला मार्ग नाही. रंगीत पीडीएफवर आम्ही विश्वास ठेवला होता, रकाना तेव्हा आखलाच नव्हता.

काकूंच्या फोनवर बहुतेकींनी शांतपणे ऐकून घेतलं. दोघी चिडल्या. एकीने विचारलं, ‘तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?’ काकू म्हणाल्या, नाही. ती म्हणाली, मग ठीक आहे, आणि फोन ठेवला. त्या ‘ठीक आहे’चा अर्थ काकू अजून लावतायत.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या यादीत सगळ्यात वर एजन्सी बदलण्याचा दिवस आहे. जुनं कुलूप तसंच ठेवून नव्या भाडेकरूला किल्ली दिली. त्या दिवशी साइटवर काय काय बसलंय याची अर्ध्या तासाची पाहणी झाली असती तर चित्रणाचं साधन दीड वर्षं चाललं नसतं. पाहणी कठीण नाही. ब्राउजरची ती खिडकी उघडायची, फॉर्म भरायचा, ओळी मोजायच्या. दवाखाना चालवणाऱ्याला प्रत्येक ओळ कळायची गरज नाही, ‘ही कुठे जाते?’ एवढं विचारता आलं की पुरे.

एक्सेलबद्दल मी काकूंना दोष देत नाही. पेशंटची यादी बाहेर द्यायची असेल तर कुणाला विचारायचं, हे दवाखान्यात ठरलेलंच नव्हतं. केस पेपर कपाटात कुलपात ठेवायचा नियम होता, आणि नंबर मात्र काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर पासवर्डशिवाय. आता पासवर्ड आहे. तो काकूंनी मॉनिटरला चिकटवला होता, तोही काढायला लावला.

आणि माझं स्वतःचं. ही साइट मी केली नव्हती, पण अशा वीस-बावीस साइट मी सांभाळते. त्या आठवड्यात सगळ्या उघडून पाहिल्या. एका क्लासच्या प्रवेश अर्जावर असाच पिक्सेल निघाला, मीच लावलेला, गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून. अर्ज भरणारी मुलं अकरावीची. नव्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणं आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. तो काढला. क्लासवाल्या सरांना कारण सांगायला मात्र चार दिवस लावले.

शेवटची भेट

त्या बाई फेब्रुवारीत दवाखान्यात आल्या, फाइलची प्रत न्यायला. आता दुसरीकडे दाखवणार होत्या. कुठे, ते मॅडमनी विचारलं नाही. मॅडमनी त्यांना आत बसवून सगळं पहिल्यापासून सांगितलं: पिक्सेल, टॅब, कुकी. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली, ‘म्हणजे तलावपाळीवर आम्ही बोललो ते कुणी ऐकलं नाही ना?’

नाही, मॅडम म्हणाल्या.

‘मग बरं.’

घरी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी याबद्दल लिहू का, हे मॅडमनीच विचारलं. त्या बाई जायला उठल्या होत्या, परत बसल्या. नाव नको, म्हणाल्या, आमची गल्ली नको. आणि नणंदेला वाईट रंगवू नका, तो टॅब तिनेच दिला होता पोरांना.